खात नाही, घासते

मला राग उशिरा येतो. आधी भीती वाटते, मग हात जोडले जातात, आणि समोरचा माणूस निघून गेल्यावर घरी भांडी घासताना राग येतो. मग त्या भांड्यांचे हाल. आवाज ऐकून आमचे हे बाहेरूनच विचारायचे, "आज कोणावर?" पण मी जे सांगायला बसले आहे तो राग भांड्यांवर निघाला नाही. तेवढा एकदाच तो वेळेवर आला, आणि अजून गेलेला नाही.

मी भंडाऱ्याकडची. सातवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मी सोडली नाही, घरात धाकटी भावंडं सांभाळायला कोणीतरी पाहिजे होतं, ते कोणीतरी मी झाले. लग्न होऊन भिलाईला आले. हे पोलादाच्या प्लान्टात कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, होते. लोक म्हणायचे, भंडारा ते भिलाई म्हणजे एका गाडीचं अंतर. गाडीचं असेल. ज्या बाईला हिंदीचा एक शब्द धड येत नाही तिच्यासाठी ते अंतर कोणत्याच गाडीने कापलं जात नाही. दारावर कोणी "कौन है घर में" म्हटलं की मी मागच्या खोलीत. प्लान्टचा भोंगा वाजला की छातीत धस्स व्हायचं, कारण आल्या आल्याच कोणीतरी सांगून ठेवलं होतं की अवेळी भोंगा झाला तर काहीतरी घडलं समजायचं. वेळेचा कोणता आणि अवेळेचा कोणता हे कळेपर्यंत मला सगळेच भोंगे अवेळी वाटत होते.

प्लान्टच्या त्या क्वार्टरात मला उभं केलं माझ्या नणंदेने. ह्यांची मोठी बहीण. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, ती भावाकडे आली आणि भिलाईचीच झाली. मी तिला बाई म्हणायची, ती मला पोरी. हिंदी मी तिच्याकडूनच शिकले, म्हणजे तिला येत होती ती शिकले. त्यात अर्धी छत्तीसगढी होती आणि उरलेली आमची. बाजारात भाव करायला तिने शिकवलं. "भेवाचं नाही पोरी. त्याले वाटलं पाह्यजे का तूच त्याच्यावर उपकार करून राहिली." मला ते कधी जमलं नाही. मी भाजीवाल्यालाही भाजी दिल्याबद्दल हात जोडायची. बाई कपाळावर हात मारायची.

सकाळी मागच्या अंगणात पायरीवर बसून बाई मंजन करायची. शेजारच्या क्वार्टरातल्या छत्तीसगढी बायका भिंतीपलीकडे, ही इकडे, आणि मधे गप्पा. तिच्या हातात एक छोटी गोल डबी असायची. आत काळपट तपकिरी, चिकट, गुळाच्या काकवीसारखं काहीतरी. बोटावर घ्यायचं आणि खालच्या हिरडीला हळूहळू फिरवत बसायचं. वासही गोडसर. ती त्याला गुडाखू म्हणायची, जसं सगळं भिलाई म्हणतं.

"काय आहे वं बाई हे?" मी विचारलं होतं.

"मंजन. गुळाचं. नावातच गूळ हाय, आयकू नाही येत का?"

खरंच नावात गूळ होता. हिंदीत गूळ म्हणजे गुड, एवढं मलाही आलं होतं. पुढच्या अर्ध्या नावाचं काय, हे मी विचारलं नाही, तिनेही कोणाला विचारलं नसावं. मी एकदा बोटभर लावून पाहिलं. अंगण फिरलं, आणि मी मोरीपाशी बसून ओकले. बाई हसत सुटली.

"पह्यल्यांदा सगळ्याईले होते. सवय लागली का मंग बिना मंजनाचं पोटच साफ होत नाही. तुह्या गावच्या राखुंडीसारखं नाही बाप्पा ते."

आता सांगते ते नीट ऐकून ठेवावं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. बाईला तंबाखूचा तिटकारा होता. साधा नाही, मनापासून. तिचा नवरा तळहातावर तंबाखू मळत असायचा, दिवसभर, आणि तिच्या आयुष्यातल्या वाईटाची सगळी यादी ती त्या चुटकीपासून सुरू करायची. आमचे हे प्लान्टातून आल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा काढायचे तर रस्त्यावर जाऊन, बहिणीच्या नजरेआड. घरात तंबाखूची पुडी सापडली तर ती चिमट्याने उचलून बाहेर टाकायची, मेलेला उंदीर टाकावा तशी.

तिच्या खालच्या हिरडीला पुढच्या दातांच्या मुळाशी पांढरा चट्टा आला. मग तो फाटल्यासारखा झाला. मग जखम झाली, आणि जखम काही भरेना. ठणका लागला की बाई डबी उघडायची. "मंजन लावलं का बधिर होते," म्हणायची. दात हलायला लागले तेव्हा दुर्गच्या एका दातवाल्याने दोन काढून टाकले. त्याने जखम आणखीनच वाढली.

प्लान्टच्या दवाखान्यात जायला मेडिकल बुकात नाव लागतं. बाईचं नाव चढलेलं नव्हतं, त्याला लागणारे गावाकडचे कागद आलेच नव्हते. तेव्हा नेहरू नगरच्या बाजूला, हायवेच्या कडेला, एका ट्रस्टचा दवाखाना होता. तिथे तोंडाच्या रोगांसाठी वेगळा वॉर्ड होता, आणि वरच्या मजल्यावर लॅब. आम्ही तिथे गेलो. ह्यांची पाळी होती म्हणून मीच घेऊन गेले. बसमधे बाई पदर तोंडाला लावून बसली होती, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते, डॉक्टरसमोर कोणतं आधी बोलायचं.

डॉक्टर तरुण होता. भोपाळकडचा, बोलायला गोड. त्याने बाईला अम्मा म्हटलं तिथेच मी अर्धी विरघळले.

"अम्मा, तंबाकू खाती हैं?"

"नहीं."

"पान? सुपारी? खर्रा?"

"नहीं."

"बीड़ी वग़ैरह?"

आता बाई चिडली. तोंड दुखत असूनही पदर काढून म्हणाली, "छी! हमारे घर में औरत जात तंबाकू को हात नहीं लगाती साब. मेरा आदमी उसीसे गया."

डॉक्टरने मान वर केली. माझ्याकडे बघून विचारलं, "सच कह रही हैं?"

मी म्हटलं, "हव साब, सच है." आणि हात जोडले.

खरंच होतं ते. आजही मी कोणत्याही देवासमोर सांगेन की त्या दिवशी त्या टेबलापाशी कोणी खोटं बोललं नाही.

त्याने जखमेचा बारीक तुकडा काढून लॅबला पाठवायचं ठरवलं. ह्यांचे प्लान्टातले मित्र घरी येऊन सांगून गेले होते की तुकडा काढू देऊ नका, लोखंड लागलं की ते पसरतं. बाई म्हणाली, "त्याईले म्हणा, तुमी लोखंड वितळवा, माह्या तोंडात नका येऊ." तुकडा काढला. मग रिपोर्ट आल्यावर डॉक्टरने मला एकटीला बाहेर बोलावलं आणि तो शब्द सांगितला. मला वाटलं होतं की तो शब्द ऐकून मी पडेन. पडले नाही. मी विचारलं, "ठीक होगा?" तो म्हणाला, "पहले इंजेक्शन देंगे, फिर ऑपरेशन. कोशिश पूरी करेंगे." आणि मग त्याचा आवाज बदलला. दुकानदार आतला चांगला माल काढतो तेव्हा बदलतो तसा.

"देखिए, ज़्यादातर मरीज़ तंबाकू वाले होते हैं. पर कुछ औरतें ऐसी होती हैं जिनको कोई आदत नहीं, फिर भी होता है. क्यों होता है, मैं उसी पर काम कर रहा हूं. अम्मा का केस मेरे लिए बहुत क़ीमती है."

कीमती. कोणी आमच्या बाईला कीमती म्हटलं! मी घरी येऊन ह्यांना तो शब्द आधी सांगितला आणि रोगाचं नाव नंतर.

तो कीमतीपणा मग आम्ही भोगला, खोटं कशाला बोलू. बाकीचे पेशंट बाहेर बाकावर बसायचे, आमचं नाव आधी पुकारलं जायचं. इंजेक्शनं महाग असतात असं कानावर होतं, पण रिसर्चमधल्यांना ती दवाखान्यातूनच मिळायची. दर खेपेला बाईचं रक्त एका नळीत घ्यायचे आणि ती नळी बर्फात ठेवून वर पळवायचे. लाकडाच्या चपट्या काडीने तिच्या गालाच्या आतून खरवडून काचेवर पसरायचे. नर्सा तिला "रिसर्चवाली अम्मा" म्हणायच्या. बाईला ते फार आवडलं. सलाइन चढत असताना बाजूच्या खाटेवरच्या बायांना ती सांगायची, "तुमाले खाल्ल्यानं झालं. माहं तसं नाही. माह्यावर तर अभ्यास होऊन राहिला."

केस गेले, ओकाऱ्या झाल्या, तरी ही ऐट गेली नाही. डोक्याला रुमाल बांधून ती सोमवारी सोमवारी अशी निघायची जशी तिलाच तिथे नोकरी लागली आहे.

एकदा डॉक्टरने मला वर लॅबमधे नेलं. "देखेंगी?" म्हणाला. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा होता. मी नेमका लावायचाच डोळा मिटला. तो हसला नाही. मला स्टुलावर नीट बसवून म्हणाला, "दूसरा बंद कीजिए." मग दिसलं. गुलाबी पसरलेलं आणि त्यात जांभळ्या दाण्यांची खच्चून गर्दी, एकमेकांच्या अंगावर चढलेली. "ये सब अम्मा का है," तो म्हणाला. सातवीनंतर मला कोणी काही दाखवून समजावून सांगितलं नव्हतं. मी खाली उतरेपर्यंत दोनदा हात जोडले. त्या जांभळ्या रंगाचा मला आज राग येतो. इतकं वाईट, आणि साडीच्या काठासारखं सुंदर.

पण जखम डॉक्टरच्या मनासारखी बसत नव्हती. इंजेक्शनाने आकसायला पाहिजे होती, थोडी आकसली आणि थांबली. तो बॅटरी मारून मारून बघायचा आणि म्हणायचा, "अजीब है." आम्ही बिचारे त्या "अजीब है" लाही मान डोलवत होतो. घरी रोज सकाळी पायरीवर मंजन चालूच होतं. कोणी बंद करायला सांगितलं नव्हतं. तोंड स्वच्छ ठेवा, एवढंच सांगितलं होतं. बाई स्वच्छच ठेवत होती.

मग एक दिवस आमच्या बाजूच्या खाटेवर दुर्गकडच्या बोरसीची एक म्हातारी आली. तिची चौकशी करायला डॉक्टर नव्हता, नर्स होती, इकडचीच, छत्तीसगढी बोलणारी. तिने पहिला प्रश्न विचारला, "दाई, गुडाखू करथस का?"

म्हातारी म्हणाली, "हव, करथंव."

"बंद कर. ओमा तमाखू रथे."

मी बाईसाठी सोडा-मिठाचं पाणी ढवळत होते. चमचा हातातच राहिला. गुडाखूत तंबाखू असते. मला वाटलं माझी छत्तीसगढी कच्ची आहे. मी नर्सला हिंदीत परत विचारलं. तिने सरळ सांगितलं, "गुड़ और तमाकू, दोनों कूटकर बनता है. नहीं मालूम था?"

बाईने ऐकलं होतं. सलाइनची सुई हातात, डोळे छताला.

"बाई," मी म्हटलं.

"गुळाचं हाय ते."

"तंबाखू बी असते म्हणून राहिली."

बाईने मोकळ्या हाताचं बोट हिरडीला लावून बघितलं. मग म्हणाली, "मले इतके वर्स कोनं कावून नाही सांगतलं?" दुकानात ती डबी साबणाच्या आणि बिस्किटांच्या मधे असायची. सून सासूला आणून द्यायची, आई लेकीला. मग बाई म्हणाली, "ज्याच्यानं तो मेला, तेच म्या तोंडात घासलं." घरी गेल्यावर तिने डबी चिमट्याने उचलली.

आणि तिनेच मला सांगितलं, "डॉक्टरले सांगून टाक. त्याचा अभ्यास चुकीन."

हे मी मुद्दाम लिहिते. तिला पकडलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. आपल्यामुळे एका शिकलेल्या पोराच्या कामात खोट राहू नये म्हणून तोंडात एवढी जखम असलेल्या बाईने स्वतःहून सांगायला लावलं.

पुढच्या सोमवारी मी सांगितलं. मला वाटलं होतं तो म्हणेल, बरं झालं कळलं, आता जखम बसेल. मी हात जोडूनच उभी होते.

त्याचा चेहरा लाल झाला. "गुडाखू? इतने साल से? और आपने कहा कोई आदत नहीं!"

बाई म्हणाली, "खाती नहीं साब. घिसती हूं."

"एक ही बात है!"

"एक बात कैसे? खाने का अलग, घिसने का अलग."

"झूठ बोला आप लोगों ने. सीधा झूठ. आप लोगों का यही है, सच बताते नहीं और फिर इलाज के लिए रोते हैं. मेरा महीनों का काम... केस निकालना पड़ेगा." आणि बाजूच्या माणसाला म्हणाला, वरचे नमुने वेगळे काढ, कामाचे नाहीत.

बाईने मला विचारलं, "काय काढून राहिला तो?"

"तुले, बाई."

"मले? कुठून?"

मी काय सांगणार? रिसर्चमधून म्हटलं तर तिला ते कोणत्या खोलीतून काढतात असं वाटलं असतं. ती डोक्यावरचा रुमाल सारखा करत बसली. मग हळूच म्हणाली, "झूठी म्हणला तो मले."

आजवर तिला कोणी काही म्हटलं नव्हतं असं नाही. पांढऱ्या पायाची म्हटलं होतं, भावाच्या जिवावर बसलेली म्हटलं होतं. ते तिने गिळलं. पण खोटी तिला कोणी म्हटलं नव्हतं. बाजारात भाव करतानाही ती खोटी किंमत सांगायची नाही. तिच्याकडे नवरा नव्हता, घर नव्हतं, पोर नव्हतं. तेवढं एकच तिचं स्वतःचं होतं.

इतकं झालं तरी मला राग आला नव्हता. मला भीतीच वाटत होती. मी बाईला नेहमीच्या खाटेवर निजवलं आणि नर्सची वाट पाहत बसले. नर्स आली, पण हातात सलाइन नव्हतं. खाली बघत म्हणाली, "वो दवाई रिसर्च वालों की है. साहब ने मना किया है. आप बाहर से खरीद के लाओगे तो लगा देंगे."

"अर्धी झाली तं उरलेली?" मी मराठीतच विचारलं. तिला कळलं. तिने रिकामा स्टँड बाजूला सारला.

आणि तेव्हा, त्या खाटेपाशी, मला राग आला. वेळेवर आला. भांडी नव्हती, मोरी नव्हती, समोरचा माणूस अजून निघून गेला नव्हता, तो तिथे कॉरिडॉरमधे दुसऱ्या डॉक्टरशी बोलत उभा होता. मी चप्पल न घालता गेले. माझी हिंदी मोडकी, आणि रागात ती आणखी मोडते. मी म्हटलं:

"साब, आपने क्या पूछा था? खाती हो क्या, ये पूछा था. तो वो नहीं खाती. आप रोज सुबह मंजन करते, तो मंजन खाते क्या?"

बाकावरचा एक माणूस फसकन हसला. डॉक्टर म्हणाला, "आप शांत रहिए."

"नहीं रहती. आपको गुडाखू मालूम था ना? भिलाई में डॉक्टरी करते, दुकान दुकान में वो डबी है, आपको मालूम था ना? तो पूछा क्यों नहीं? नर्स ने पूछा. एक शब्द पूछा, और हो गया. आपने नहीं पूछा, और झूठी वो?"

"देखिए, स्टडी के नियम होते हैं..."

"स्टडी से निकालो! रोग से भी निकाल दिया क्या? अंदर जो जांभळा जांभळा दिखाया था मेरेको, वो गुडाखू का है तो अब अम्मा का नहीं रहा?"

जांभळ्याला हिंदी शब्द सुचला नाही. मी तो तसाच फेकला. आवाज माझा नव्हता, बाईचा होता, बाजारातला.

आवाजाने एक मोठ्या डॉक्टरीणबाई केबिनमधून बाहेर आल्या. वॉर्ड त्यांचाच होता. त्यांनी आधी मला सांगितलं, आवाज खाली. मी खाली केला. त्याचाही राग आहे, पण तो वेगळा. मग त्यांनी सगळं ऐकलं आणि त्या पोराला इंग्रजीत काहीतरी विचारलं. मग हिंदीत, मला कळावं म्हणून की काय, म्हणाल्या, "स्टडी से निकालो, ठीक है. इलाज से किसने कहा निकालने को?"

इंजेक्शन चढलं. त्या दिवशीचंही आणि पुढचीही. डबी सुटल्यामुळे म्हणा, औषधाने म्हणा, जखम आकसली. कशाने ते मला माहीत नाही, आणि ते लिहून ठेवणाऱ्यांनी तर तिला काढूनच टाकलं होतं. मग ऑपरेशन झालं. खालच्या जबड्याचा पुढचा भाग गेला. हनुवटी आत गेली. बाई जगली.

जगली म्हणजे काय ते पण सांगते, नाहीतर लोक म्हणतील, चला, गोड झालं. पेज आणि पातळ वरण, चमच्याने, मान मागे टाकून. लाळ पुसायला खांद्यावर सतत फडकं. बोलणं असं की शब्दांची हाडं काढून घेतल्यासारखं. मला कळायचं, ह्यांना अर्धं कळायचं, बाकी कोणाला नाही. ती मागच्या अंगणात जाऊन भिंतीपलीकडच्या बायांना हातवारे करून सांगायची, ते फेका, त्यात तंबाखू आहे. त्या बोटाने हिरडी घासत घासतच तिच्याकडे बघायच्या. एक म्हणाली, "बिचारी का दिमाग भी गया." मी भिंतीवरून त्या बाईला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साल-दीड साल गेलं असेल. एका दुपारी क्वार्टरसमोर स्कूटर थांबली. तोच डॉक्टर. थोडा जाडावला होता. बरोबर बॅग. मी दारातच उभी राहिले. तो हसून म्हणाला, "पहचाना? अम्मा कैसी हैं?" जसा काही भाऊबीजेला आला आहे.

आत येऊन बसला आणि काम सांगितलं. आता तो गुडाखू करणाऱ्या बायांवर अभ्यास करत होता. या भागात अशा बाया पुष्कळ आहेत, म्हणाला, आणि कोणाचं लक्ष नाही. बाईच्या तोंडातून परत खरवडून न्यायचं होतं, आणि जुन्या तुकड्याशी ताडून बघायचं होतं. म्हणजे तो तुकडा फेकला नव्हता. "अम्मा को इस बार ले सकते हैं," तो म्हणाला.

बाई आतून ऐकत होती. बाहेर आली, पदर खांद्यावर ओढून त्याच्यासमोर खुर्चीवर बसली. मला वाटलं होतं ती आनंदेल, परत घेतलं म्हणून. मला तीच भीती होती. ती माझ्याकडे बघून हळूहळू बोलली. डॉक्टरला ते नुसतं घशातलं घोगरं वाटलं असेल.

"क्या कह रही हैं?" त्याने विचारलं.

मी सांगितलं, "बोल रही है, पहले बोलो कि उसने झूठ नहीं बोला था."

"अरे अम्मा, वो पुरानी बात है. भूल जाइए."

बाई हलली नाही. मी म्हटलं, "भूलने का नहीं साब. बोलने का."

बाईसाठी सगळं तिथे अडलं होतं. जबडा गेला ते तिने सोसलं. तो शब्द तिला परत घ्यायला लावायचा होता, ज्याने दिला त्याच्याकडूनच. आणि मला सांगायला लाज नाही, मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा, नीट बोल, दोन शब्दांचं काम आहे, मी तुझे पाय धरीन, आणि या गल्लीतली प्रत्येक गुडाखूवाली तुझ्या स्कूटरवर बसवून देईन. कारण काम त्याचं खरंच गरजेचं होतं. ते मला तेव्हाही कळत होतं.

त्याने घड्याळ बघितलं. बॅगेतून काडी काढली, काच काढली. मग लहान पोराची समजूत घालतात तसं हसत म्हणाला, "अच्छा बाबा, नहीं बोला था झूठ. बस? अब मुंह खोलिए."

अच्छा बाबा.

बाईने त्याच्याकडे बघितलं. तिचे ओठ नीट मिटत नसत, खालच्या ओठाला आधारच नव्हता. तिने हाताने खालचा ओठ वर धरला, मिटवला, आणि तसाच धरून उठली. आत निघून गेली. तो काडी हातात घेऊन बसला होता. माझ्याकडे बघत म्हणाला, "आप समझाइए ना उनको. उन्हीं के जैसी औरतों के फ़ायदे की बात है."

"मैं समझ गई साब," मी म्हटलं. "आपको दूसरे घर में भी जाना होगा."

तो गेला. मी दार लावलं. हात जोडले नाहीत. आतून बाईने विचारलं, गेला का.

"गेला."

मग तिने आणखी काहीतरी विचारलं. पहिल्यांदा मलाही कळलं नाही. तिने फडक्याने लाळ पुसून परत विचारलं, चहा दिला का त्याला. आमच्या घरी दारावर मीटर वाचायला येणारासुद्धा चहाशिवाय गेला नव्हता, तिनेच लावलेली रीत.

"नाही दिला."

"बरं केलं," बाई म्हणाली. ते मात्र इतकं स्पष्ट आलं की रात्रपाळी करून मागच्या खोलीत निजलेले हेही म्हणाले, "काय बरं केलं?"